गार पाण्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत

एप्रिल सरत आला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. पारा ४० अंशांवर गेला की गार पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर लगेच हातपाय धुऊ नका, एकाने धुतले आणि तो जागीच कोसळला. विषुवदिनामुळे पुढचे पाच दिवस धोक्याचे. खोलीत मेणबत्ती ठेवा, वितळली तर जिवाला धोका. खिशात कांदा बाळगा. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलेलं, डॉक्टरांचं नाव मात्र नाही. लोक काळजीपोटीच तो पुढे पाठवतात. पण यातला पहिला मुद्दा जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच घेतो.

गार पाणी कातडीला लागलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फुटत नाहीत. प्यायलेलं पाणी तर पोटात पोचेपर्यंतच कोमट व्हायला लागतं. घाईघाईने बर्फाचं पाणी प्यायलं तर कपाळात कळ येते आणि मिनिटभरात जाते. हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाने एकदम बर्फगार पाण्याखाली उभं राहू नये, एवढं खरं. अचानक गारठ्याने ठोके आणि रक्तदाब वाढतात. पण माठातलं पाणी पिण्यात किंवा पाय धुण्यात भिण्यासारखं काही नाही. नागपूरच्या मे महिन्यात ४० अंश हा तर सौम्य दिवस. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदले गेले. (मे २०२४ मधला ५६ अंशांचा आकडा, जो अजून फिरतो, तो स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या सेन्सरचा होता, हे हवामान खात्याने तेव्हाच सांगितलं.)

४० चा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो हवेचा नाही, शरीराच्या आतल्या तापमानाचा. ते ४० च्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. त्यावरचा उपचारच गार पाणी आहे. मॅरेथॉनमध्ये धावपटूला उष्माघात झाला की वैद्यकीय पथक त्याला बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड वाचतात.

मागच्या उन्हाळ्यात इतवारीत पोती उतरवणारा एक हमाल भर दुपारी खाली बसला आणि असंबद्ध बोलायला लागला. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. शेजारच्या दुकानातून एक पोरगा गार पाण्याची कॅन घेऊन धावला, तर दोघांनी त्याचा हात धरला. “अबे, थंड पाणी नको टाकू, नस फुटून जाईन त्याची!” ऑटो येईपर्यंत कॅन तशीच भरलेली राहिली. तो वाचला, पण ती मिनिटं त्या मेसेजने खाल्ली.

अशा वेळी माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, मान, काखा आणि जांघांत ओले दुपट्टे ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान चढवतो आणि गोळी तिथे काम करते. उष्माघातात मेंदूने काही चढवलेलं नसतं, उष्णता बाहेर पडणंच थांबलेलं असतं.

विषुवदिनाचं थोडक्यात. तो २०-२१ मार्चला आणि २२-२३ सप्टेंबरला येतो, तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे. आपल्या डोक्यावर सूर्य येतो २६ मेच्या सुमारास, नवतपाच्या, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत. एप्रिल-मेच्या उन्हाचा विषुवदिनाशी संबंध नाही.

मेणबत्तीची कसोटी मला फार घातक वाटते, कारण ती खोटा दिलासा देते. मेण साधारण ४६ ते ६८ अंशांत वितळतं. माणसाचा जीव मात्र घाम वाळण्यावर टिकून असतो. १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. हवा दमट झाली की हे मंदावतं. मे महिन्यात खोली गारेगार करणारा कूलर जूनच्या पहिल्या पावसानंतर नुसती चिकचिक करतो, तसंच. त्या दमट दिवसांत ३६-३७ अंशांतही माणसं कोसळतात, आणि मेणबत्ती ताठ उभी असते.

खिशातला कांदा काहीच करत नाही, तो ताटात घ्या. आपलं कैरीचं पन्हं मात्र खरंच कामाचं आहे, कारण आतड्यात मीठ आणि साखर एकत्र पोचली की पाणी लवकर शोषलं जातं. कैरी नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि हे पाणी माठातलं, गार असलं तरी चालतं.