कादंबरी स्वतः छापणारा लेखक नापास नसतो

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. नवोदित कादंबरीकारांना सल्ला असं त्याचं स्वरूप. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: ज्याला कुठलाच प्रकाशक दारात उभं करत नाही तोच कादंबरी स्वतः छापतो, प्रकाशकाकडे गेलात तर लेखकाचा पैसाही खर्च होत नाही, स्वतःचे पैसे घालून काढलेली पुस्तकं सगळी सारखीच, खरं संपादन प्रकाशकाकडेच होतं, पुस्तक राज्यभर पोचवणं त्यालाच जमतं, आणि स्वतः छापलेल्या पुस्तकाला ना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) मिळत, ना ग्रंथालयं ते घेत, ना पुरस्काराला ते चालत. तेव्हा हस्तलिखित घेऊन मुंबई-पुणं गाठा आणि वाट बघा.

मी मालवण तालुक्यात राहून लिहिते, आणि माझी कादंबरी मीच प्रसिद्ध केली आहे. हा मजकूर वाचून माझ्या ओळखीतल्या एका मुलीने लिहून झालेली कादंबरी बाजूला ठेवून दिली. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

आधी पैशाचं बघू. प्रकाशक सगळा खर्च स्वतः करतो, हे ज्या प्रकाशकाबद्दल खरं आहे त्याला माझा नमस्कार. पण नव्या कादंबरीकाराच्या हातात पडणाऱ्या करारनाम्यात पुष्कळदा एक कलम असतं: लेखकाने ठरावीक प्रती विकत घ्यायच्या, नाहीतर ‘निर्मितीत सहभाग’ म्हणून रक्कम भरायची. माझ्यापुढेही असाच कागद आला होता. पैसे माझे, प्रती त्यांच्या गोदामात, हक्क त्यांच्याकडे आणि मला दहा टक्के मानधन. फिरणाऱ्या मजकुरात हा प्रकार आणि स्वप्रकाशन एकाच पोत्यात भरलेत. सगळा घोळ तिथेच आहे. स्वप्रकाशनात पैसे लेखकाचे असतात, तसे हक्क, प्रती, फाइल आणि किंमत ठरवण्याचा अधिकारही लेखकाचाच असतो. पैसे भरून दुसऱ्याच्या नावाचा शिक्का घ्यायचा आणि वर हक्कही देऊन टाकायचे, यापासून मीसुद्धा प्रत्येकाला चार हात लांब राहायला सांगते.

आता हिशोब मांडू. समजा २४० पानांची, डेमी म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराची कादंबरी आहे. किंमत ३५० रुपये, आवृत्ती ३०० प्रतींची. छापखान्याने कागद, छपाई, बाइंडिंग मिळून प्रतीमागे १२० रुपये सांगितले, तर ३६,००० झाले. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ यांचे ४०,००० धरा. एकूण ७६,०००. यातल्या २०० प्रती वाचकांना थेट ३०० रुपयांना दिल्या, ८० प्रती दुकानदारांना ४० टक्के सवलतीने, म्हणजे २१० रुपयांना गेल्या, आणि २० प्रती अभिप्रायासाठी वाटल्या. हातात आले ७६,८००. म्हणजे पहिल्या आवृत्तीत जेमतेम खर्च निघाला, तोही सगळ्या प्रती खपल्या तर. हे लपवण्यात अर्थ नाही. फरक दिसतो तो दुसऱ्या आवृत्तीत. तेव्हा संपादनाचा, जुळणीचा, चित्रकाराचा खर्च पुन्हा नसतो. ३६,००० घातले की तेच ७६,८०० येतात, चाळीस हजारांच्या वर हातात उरतात. तेवढ्याच ३०० प्रतींवर छापील किमतीच्या दहा टक्क्यांनी मानधन होतं १०,५०० रुपये.

शिवाय सगळी रक्कम एकदम घरातून काढावी लागते असंही नाही. प्रकाशनपूर्व सवलत देऊन आगाऊ नोंदणी करणं मराठीत जुनं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते वर्गणीदार जमवून आणि स्वतः मंडळ उभारून. हे केतकर कादंबरीकारही होते. प्रकाशकांनी नाकारलेला माणूस म्हणून त्यांची ओळख कुणी करून देत नाही.

नाकारलेले तेच स्वतः छापतात, हा मजकुरातला सर्वांत झोंबणारा मुद्दा. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला भाग प्रकाशकांनी परत पाठवला, तेव्हा त्याने १९१३ मध्ये तो स्वखर्चाने काढला. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ आणि तिच्या नवऱ्याने १९१७ मध्ये घरात हातछपाईचं यंत्र आणून हॉगार्थ प्रेस सुरू केली आणि पुढे तिच्या कादंबऱ्या तिथूनच निघाल्या. आपल्याकडे अमीश त्रिपाठींची पहिली कादंबरी बऱ्याच प्रकाशकांनी नाकारली होती. २०१० मध्ये त्यांच्या एजंटने ती काढली, पहिलं प्रकरण वाचकांना फुकट वाटलं. मोठी प्रकाशनसंस्था आली ती नंतर. अशी माणसं विरळा, हे मान्य. पण प्रकाशक वर्षाला मोजकीच पुस्तकं काढतो आणि खपाचा अंदाज बांधून काढतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकार आणि यांत्रिक बोटींतून मोठं जाळं टाकणारे पर्ससीनवाले यांच्या झगड्यावरची कादंबरी पुण्यात बसलेल्या माणसाला खपाऊ वाटली नाही, तर तो त्याचा धंद्याचा हिशोब झाला. कादंबरी बरी की वाईट, याचा निकाल त्यातून लागत नाही.

संपादनाबद्दल मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण इथे मजकुरात अर्धं खरं आहे. मौज प्रकाशनातल्या श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखा संपादक लाभणं हे लेखकाचं भाग्यच. ज्या प्रकाशनसंस्थेत आजही तसं काम चालतं तिथे हस्तलिखित जरूर पाठवावं. पण बऱ्याच ठिकाणी संपादन या नावाखाली ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यापलीकडे काही होत नाही, किंवा होतं ते भलतंच. माझ्या पहिल्या प्रकरणात मालवणच्या बंदरावर होड्या लागतात तेव्हा एक बाई दुसरीला विचारते, “काय गो, आज बांगडे गावले काय?” एका प्रकाशनसंस्थेकडून ते प्रकरण तपासून आलं, त्यात लाल शाईने लिहिलं होतं, “काय गं, आज बांगडे मिळाले का?” पानोपानी तेच. समासात शेरा होता की बोलीमुळे वाचक अडखळतो. आमच्याकडच्या बाईचं बोलणं असं पुसून टाकायला माझी तयारी नव्हती, आणि शेवटचा शब्द त्यांचा राहणार होता.

मग मी स्वतः पैसे देऊन संपादक शोधली. तिने बोलीला हात लावला नाही, पण मला घाम फोडला. तिचा प्रश्न होता: ही गाबीत (मच्छीमार समाजातली) बाई नवऱ्याशी, बँकेतल्या साहेबाशी आणि मुंबईहून आलेल्या जावेशी एकाच तऱ्हेने कशी बोलते? बँकेत गेली की ती पुस्तकी मराठीकडे सरकणार, जावेशी बोलताना मुद्दाम जास्त मालवणी होणार. त्या एका प्रश्नावर माझी चार प्रकरणं नव्याने लिहिली गेली. हे संपादन. चांगला संपादक संस्थेच्या पगारावर असो की तुम्ही नेमलेला असो, त्याचं काम तेच. दुसऱ्या बाबतीत त्याची कुठली सूचना घ्यायची ते तुम्ही ठरवता, एवढाच फरक. संपादकावर खर्च करायची तयारी नसेल तर मात्र कादंबरी छापायची घाई करू नये, हे मी ठासून सांगेन.

राज्यभर पोचण्याचं म्हणाल, तर हा मजकूर लिहिणाऱ्याने कोकणातल्या तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान शोधून बघावं. वह्या, गाइडं, पूजेच्या पोथ्या मिळतील. नव्या मराठी कादंबऱ्यांचं कपाट क्वचितच. वितरकाची गाडी मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर अशी फिरते. मोठ्या शहरांतल्या दुकानांत प्रकाशकाचा हात दूर पोचतो, हे खरंच आहे. पण इथल्या कादंबरीचा वाचक निम्मा गावात आणि निम्मा लालबाग-परळपासून नालासोपारा-विरारपर्यंत पसरलेला. तो गणपतीत येतो, मे महिन्यात येतो, आंगणेवाडीच्या जत्रेला आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वरला येतो. पुस्तक त्या वेळी हाताशी असायला हवं. प्रकाशकाच्या यादीत आपला नंबर भर पावसाळ्यात लागला तर सीझन गेलाच. तारीख आपल्या हातात असली की श्रावणात छपाई उरकून चतुर्थीच्या आधी पुस्तक येतं.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. स्वस्त पडतं म्हणून हजार प्रती छापून घरात रचू नका. आमच्याकडे जूनपासून कागद ओल धरतो, पानं फुगतात, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन कडेने सुटतं, आणि भिंतीला टेकलेल्या गठ्ठ्याला वाळवी लागली तर खालच्या प्रती गेल्याच समजा. डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रती काढता येतात, मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्याही सेवा आहेत. प्रतीमागे चार पैसे जास्त जातात, पण माल कुजत नाही.

पाठवणंही अवघड राहिलेलं नाही. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. ५ किलोपर्यंत १०० रुपये. सत्तर जीएसएम वजनाच्या कागदावरची २४० पानांची डेमी कादंबरी पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. खोक्याऐवजी जाड कागदाचं वेष्टण केलं तर ती पहिल्या दरात बसू शकते. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, तेवढं बघा. गोव्यातल्या नाहीतर नागपूरच्या वाचकापर्यंत माझी कादंबरी आमच्या गावच्या पोस्टातूनच जाते.

आयएसबीएन, ग्रंथालय, पुरस्कार हे मुद्दे दोन मिनिटांत निकालात निघतात. आयएसबीएन देणारी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली येते. तिथे लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करतो आणि क्रमांक मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. आपणच प्रकाशक असल्याने ते काम आपलं. रत्नागिरीचं १८२८ सालचं नगर वाचनालय असो की सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, पुस्तक घेऊन ग्रंथपालांना भेटायला कुणाची शिफारस लागत नाही. राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी लेखकही प्रवेशिका पाठवू शकतो.

आता त्या मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट जी आहे, ती म्हणजे हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिणारा हाच पहिला मालक असतो, आणि हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. नातवंडांपर्यंत पोचणारी ही मिळकत लोक चहा पिता पिता सही करून देऊन टाकतात. कायद्याचं कलम १९ लेखकाच्या बाजूचं आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं ठरलं नसेल तर, तो संपतो. म्हणूनच छापील करारनाम्यांत ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व भाषा’, ‘सर्व माध्यमे’ असे शब्द आधीच घालून ठेवलेले असतात. आतल्या पानावर लेखकाचं नाव आणि वर्तुळातला सी (©) छापला म्हणजे हक्क आपल्याकडेच राहिला, असं समजू नका. करारात काय लिहिलंय ते चालतं.

हे हक्क आता नुसते कागदावरचे नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेवर २०१६ पासून मराठी पुस्तकं येतात, आणि तिथे लेखक स्वतः पुस्तक चढवू शकतो. मानधनाचा दर ३५ किंवा ७० टक्के, अटींप्रमाणे. त्यासाठी अक्षरजुळणी पहिल्यापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या लिपीसंकेतात, करून घ्या. जुन्या फॉन्टमधली फाइल नंतर बदलायला गेलात तर रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. स्टोरीटेल ही ऑडिओबुकांची सेवा २०१७ च्या अखेरीला भारतात आल्यापासून मराठी ऑडिओबुकंही ऐकली जातात. अमेरिकेत ह्यू हॉवीने स्वतः प्रसिद्ध केलेली कादंबरी गाजल्यावर मोठ्या प्रकाशनसंस्थेला फक्त छापील आवृत्तीचे हक्क दिले आणि ई-पुस्तकाचे स्वतःकडे ठेवले. आधी सगळं आपल्या हातात होतं, म्हणून त्याला असा सौदा करता आला.

आणखी एक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली. अशा वेळी जे पुस्तक बाजारातून संपलेलं आहे, ज्याचे हक्क दुसऱ्याकडे अडकलेत आणि जो ते पुन्हा छापत नाही, त्याची प्रत कुठून भरून काढणार? फाइल आणि हक्क दोन्ही लेखकाकडे असतील तर आठवड्याभरात पाच प्रती छापून वाचनालयाला देता येतात.

प्रकाशक चांगला असेल, पैसे मागत नसेल, संपादन मनापासून करत असेल तर त्याच्याकडे जरूर जा. फक्त सहीआधी मुदत, भाषा, ई-पुस्तक आणि ऑडिओचे हक्क, आणि प्रती संपल्यावर किती महिन्यांत हक्क परत मिळणार, ही कलमं स्वतः वाचा आणि हवी तशी लिहून घ्या. यातलं एकही बदलायला तो तयार नसेल, तर कुडाळच्या, रत्नागिरीच्या नाहीतर कोल्हापूरच्या छापखान्यांतून दोन-तीन दरपत्रकं मागवा आणि कामाला लागा.