सहावा पाय
निसर्गाने नाकतोड्याला सहा पाय का दिले असावेत, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. कागदाचा हुबेहूब नाकतोडा करायला बसल्यापासून मात्र तो रोज रात्री अकराच्या सुमारास पडतो. त्या वेळी साधारणपणे पाचवा पाय वाळत असतो आणि तिसरा गळून पडलेला असतो.

या छंदात दोन पंथ आहेत. रॉबर्ट लँग यांच्यासारखे, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले कलावंत एकाच चौरस कागदाला कात्री न लावता निव्वळ घड्यांनी सहा पायांचा, शिंगांचा भुंगा उभा करतात. त्यामागचे गणित असे की प्रत्येक पायासाठी कागदावर एका वर्तुळाएवढी जागा राखावी लागते आणि ही वर्तुळे एकमेकांवर चढू न देता चौरसात बसवावी लागतात. माझी वर्तुळे बसली, पण पुढच्या घड्या घालता घालता कंबर धरली, आणि मी मुकाट्याने कात्री, चिमटा व खळ यांच्या पंथात गेलो.

येथे सगळी परीक्षा मागच्या पायाची. त्याची मांडी फुगीर आणि गुडघ्याकडे निमुळती असते, म्हणून कागदाची तिरपी कापलेली पट्टी सुईवर गुंडाळून ती करावी लागते. नडगी म्हणजे काडीसारखी सुरळी. पण तिच्या मागच्या कडेला काट्यांच्या दोन रांगा असतात, आणि एकेक काटा पापणीच्या केसाहून आखूड. तो चिमट्याने उचलायचा, खळीला जेमतेम टेकवायचा, नडगीवर ठेवायचा आणि तोवर श्वास रोखून धरायचा. एका रात्री पहिली रांग पूर्ण झाल्याच्या समाधानाने मी सुस्कारा सोडला. त्यासरशी अकरा काटे उडाले. त्यांतले चार दुसऱ्या दिवशी माझ्या भुवईत सापडले.

डोळ्यांविषयी न बोललेलेच बरे. नाकतोड्याला ते पाच असतात, दोन मोठे आणि तीन टिंबाएवढे. ते चिकटवताना आपले दोन अपुरे पडतात.

नाकतोडा पुरा होत आला असता माझी पुतणी आली. तिने तो सर्व बाजूंनी न्याहाळला आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाली, “काका, पाय पोटाला नसतात. सगळे छातीला असतात.” मी पुस्तक उघडून पाहिले. डोके, वक्ष आणि उदर हे कीटकाचे तीन भाग, आणि सहाही पाय वक्षालाच जोडलेले. माझ्या नाकतोड्याचे मागचे दोन पाय उदरातून निघाले होते, तेही नेमके त्याचे कान असतात त्या जागेतून. “ऐकू येत नसेल त्याला,” पुतणी कळवळून म्हणाली.

पाय उपटले, पुन्हा केले, पुन्हा लावले. खळीच्या ओलाव्याने कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आपल्या मर्जीने आक्रसतात, त्यामुळे रात्री ताठ उभा केलेला नाकतोडा सकाळी डाव्या कुशीवर विसावलेला आढळे. अखेर तिसऱ्या आठवड्यात सहावा पाय टेबलाला टेकला आणि टेकलेलाच राहिला. आपण प्रयत्नांत कसर ठेवली नाही, असे मी त्या रात्री घरात दोनदा बोलून दाखवले.

मध्यरात्री कौतुकाने दिवा लावला, तर कसर टेबलावर होती. चंदेरी, बोटाच्या पेराहून लहान, शेपटीला तीन धागे. ती नाकतोड्याच्या मांडीशी निवांत जेवत होती. खळीतला स्टार्च तिला मनापासून आवडतो, आणि जुने बाइंडर खळीत मोरचूद का मिसळत, हे मला त्या क्षणी उमगले. चिमटा हाताशी होता, पण मी तिला हाकलले नाही. तिचे सहाही पाय वक्षातून कसे नेमके फुटले आहेत, ते मी भिंग लावून पाहत बसलो.