पाचशे रुपयांचा ठपका

भावकीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत आला: ‘कारखानदाराला एकच मत, कोयत्यावाल्यालाही एकच. मतदान गुप्त, खर्चाला मर्यादा. तरी गरिबाच्या हाती सत्ता नाही, कारण तो पाचशेत मत विकतो.’ खाली वीसेक अंगठे. त्यातले निम्मे बीडचेच.

खर्चाला मर्यादा आहे, खरंय. विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95. पण ती उमेदवाराला, पक्षाला नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची भिंतच पाडलेली. निवडणूक रोख्यांत तर 2018 पासून पक्षाला कोण पैसे देतंय हेही मतदाराला कळत नव्हतं. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठं नावं बाहेर आली.

मतदान गुप्त? माणसाचं गुप्त, गावाचं नाही. आकडे बूथनिहाय जाहीर होतात. सहा-सातशे मतदारांच्या गावाला एकच बूथ, त्यामुळं लीड कुणाला दिली हे पारावर लगेच कळतं. मग रस्ता कुणाच्या वस्तीवर जाणार हेही. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र आणा, असं निवडणूक आयोगानं 2008 मध्येच सुचवलं होतं. अजून आलेलं नाही.

पाचशेचं मात्र झोंबलं. लाच देणं आणि घेणं, कायद्यानं दोन्ही गुन्हे. मेसेजमध्ये देणारा कुठंय? आणि ऊसतोड करणाऱ्या जोडप्याचा हिशेब कुणी मांडलाय का? मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, पाच-सहा महिने कोयता चालवायचा, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. मुकादमाचा करार कारखान्याशी, आणि कारखान्याचा अध्यक्ष किंवा त्याचा सोयरा उमेदवार. मुकादम नुसता म्हणतो, ‘औंदा आपलं ह्यांना.’ पाचशेची नोट तिथं निघतही नाही. हे मत विकलेलं नाही, उचलीत धरलेलं आहे.

फाटका माणूस निवडून येतच नाही, असं मी म्हणणार नाही. 1977 ला बीडनं मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडेंना आणि नांदेडनं शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव धोंडगेंना लोकसभेत पाठवलं. पण उदाहरणासाठी मला तितकं मागं जावं लागतं.

राहिलं ‘एकच मत’. औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढं पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला. तेवढे दिवस नगरसेवक निवडायला तिथल्या कुणालाच एकही मत नव्हतं. प्रशासकाच्या केबिनचं दार कुणासाठी उघडत होतं, ते त्या वीस अंगठ्यांनी सांगावं.