सोयीसाठी माझा धर्म बदलू नका

आज लेकाच्या शाळेच्या ऑफिसात गेले होते. नाव, जन्मतारीख, आईचं नाव सगळं तपासून झालं आणि कॉम्प्युटरवर धर्माच्या रकान्यापाशी काम अडलं. यादीत ज्यू नव्हतंच. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आडनावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शेवटी 'कर' आहे ना मॅडम, मराठीच आहात. हिंदू टाकते. उगाच पुढे प्रॉब्लेम नको."

मी नको म्हटलं. मग 'इतर' टाकू का? तेही नको म्हटलं. मागे रांग चुळबुळायला लागली होती. "अहो, टाका ना काहीतरी," असं एकजण बोललाही. शेवटी हेडमास्तरांच्या टेबलापर्यंत गेले, अर्ज लिहून दिला, तेव्हा कुठे ते बघतो म्हणाले. तासभर गेला. घरी येऊन जेवले तरी राग उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

बाई वाईट नव्हत्या हो. माझं काम लवकर व्हावं म्हणूनच सांगत होत्या. पण हे सगळं चांगुलपणानेच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. भांडायलासुद्धा समोर कोणी उरत नाही.

"काय फरक पडतो?" सांगते काय फरक पडतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. जवळ पोथी नव्हती, धर्मगुरू नव्हता, हिब्रू तर विसरूनच गेले. कोकणात तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले, गावांची नावं लावली. पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. तेली म्हणून गावात मिसळून जाणं किती सोपं होतं! कोणी अडवलं नसतं. पण शनिवार हा आमचा कामं बंद ठेवायचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. कोळंबी नाही, खेकडा नाही, मटणाबरोबर दूध-दही नाही. आणि ओठांवर शेमा, एवढी एकच प्रार्थना उरलेली. गावाने नाव ठेवलं शनवार तेली. पिढ्यानपिढ्या एवढ्यावर माणसं टिकली. धर्म म्हणजे डोक्यातली श्रद्धा असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करावा. आमच्याकडे आधी शनिवार होता, ग्रंथ फार नंतर आला. माझं 'मी' म्हणून जे काही आहे ते त्या बंद ठेवलेल्या घाण्यातून आलंय. ते कोणी माउसच्या एका क्लिकने पुसावं?

माझी मोठी आत्या भायखळ्याहून इस्रायलला गेली. तिथल्या डिमोना गावाला राहते. साठच्या दशकात तिचं लग्न इराकहून आलेल्या ज्यू घरातल्या मुलाशी ठरलं, तर तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं, तुझी आई ज्यू कशावरून? आईची आई कशावरून? कागद दाखव. कोकणातल्या बाईचे कुठून आणणार कागद? आत्या म्हणाली, "माझी आजी किहीमला शनिवारी चूल पेटवायची नाही. याहून मोठा कागद कुठला असतो?" ते वाक्य आमच्या घरात प्रत्येक लग्नकार्यात कोणी ना कोणी म्हणतंच. ही गत तिच्या एकटीची नव्हती. भारतातून गेलेले आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्राएल हे पूर्ण ज्यू आहेत, कुठल्याही बाबतीत कमी नाहीत. त्यानंतर आत्याचं लग्न लागलं.

आज त्या खुर्चीवर बसून मला सारखी तीच आठवत होती. तिला तिथे कमी ज्यू ठरवत होते, मला इथे प्रेमाने हिंदू करत होते. दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच.

आणि मराठीचं म्हणाल तर मला शिकवू नका. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या आमच्या हग्गादाच्या, म्हणजे पेसाखच्या सणाला वाचायच्या पोथीच्या, चित्रांत साडी नेसलेल्या बायका पेसाखच्या भाकऱ्या करताना दिसतात. अब्राहम आणि मोशेवर मराठीत कीर्तनं व्हायची, पेटी-टाळांवर. आत्याकडे इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक यायचं, तिथेच निघणारं. आयुष्य तिथे काढलं तरी फोन उचलला की पहिलं वाक्य "जेवलीस का गं?" मराठी असणं आणि ज्यू असणं या माझ्यात दोन वेगळ्या खोल्या नाहीत. आई शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून मराठीतच कुटुंबासाठी मागणं मागायची. त्यातलं मराठी कुठे संपतं आणि ज्यू कुठे सुरू होतं, दाखवा मला.

मस्जिद स्टेशनवर रोज हजारो लोक उतरतात. ते नाव आमच्या सॅम्युअल स्ट्रीटच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं आमची जुनी माणसं सांगतात. मशीद म्हणजे सिनेगॉग, आमचं प्रार्थनास्थळ, १७९६ चं, टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युअल दिवेकरांनी बांधलेलं. महालक्ष्मीहून वरळीला जाताना डॉ. ई. मोझेस रोड लागतो ना? ते १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. आमचेच. रोज त्या रस्त्याने जाता आणि मला विचारता, "ज्यू म्हणजे नक्की काय गं?"

विचारा, त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या प्रश्नाचं. "मग तुम्ही तुमच्या देशात का नाही जात?" हे मला शिकलेल्या, चांगल्या वाचणाऱ्या लोकांनी विचारलंय, तुमच्यापैकी दोघातिघांनीसुद्धा. कुठला माझा देश? भायखळ्यात जन्मले, वरळीच्या दफनभूमीत बाबांना ठेवलं. २६/११ ला नरिमन हाऊस या कुलाब्यातल्या ज्यू केंद्रात माणसं मारली गेली, त्यानंतर आमच्या सिनेगॉगच्या दारात पोलीस आले. सणाला आत जातानाही ओळख सांगावी लागते. तेव्हा कोणी म्हणालं नाही की ही आपली मुंबईकर बाई आहे, हिला का हे भोगायला लागतंय. पण तिकडे बॉम्ब पडला की सकाळी सकाळी मेसेज, "तुझं यावर काय मत?" मी काय इस्रायल सरकारची प्रवक्ती आहे? तिथली मुलं मेली की मलाही झोप लागत नाही. तुमच्यासारखीच.

हो, आत्या आणि तिची नातवंडं तिथे आहेत, तेव्हा तिकडच्या बातमीने माझं काळीज हलतं, हे नाकारत नाही. आणि हो, आमच्यातही गोरे इस्राएल-काळे इस्राएल (आई समाजाबाहेरची असली की त्यांची मुलं 'काळे') असा भेद पिढ्यानपिढ्या पाळला गेला, तोही लाजिरवाणाच होता.

आता लिहिता लिहिता जरा शांत झालेय. भारतात आम्ही पाच हजारांच्या आसपास उरलोय. २०१६ मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा बाबा पेपर घेऊन घरभर फिरले होते. सवलतीतलं त्यांना काही नको होतं. सरकारच्या कागदावर आपलं नाव आलं एवढाच आनंद. म्हणून त्या रकान्याला मी क्षुल्लक मानत नाही. तुमच्यापैकी जे शाळेत, बँकेत, पालिकेत काम करता त्यांना हात जोडून सांगते, यादीत नसेल तर समोरच्याला विचारा, त्याचा धर्म तुम्ही ठरवू नका.

लेकाने रिक्षात विचारलं, "आई, हिंदू लिहिलं असतं तर देव रागावला असता?" म्हटलं, देव नाही रे, पण तुझी डिमोनाची आजी रागावली असती. मग त्याला पुन्हा ती सगळी गोष्ट सांगितली, किहीमची चूल, कागद, धरणं. त्याने विचारलं, "शनिवारी चूल नाही पेटवली तर मग जेवायचे काय?" शुक्रवारीच करून ठेवायचे, म्हटलं.

त्याची परीक्षा संपली की घरी मलिदा आहे, एलियाहू हानाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने, नवस बोलले होते तो फेडायचाय. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. सगळ्यांनी या, हे आमंत्रणच समजा. येणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, म्हणजे पोहे किती घ्यायचे ते ठरवता येईल.