डबा कुठला घेऊ?

मला ५० पूर्ण झाली आणि थोड्याच दिवसांत इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणजे एनएचएसचं, पत्र आलं. लवकरच तुम्हाला एक किट पाठवतो आहोत, असा मजकूर. बायको म्हणाली, "बघ, तुझ्या सख्ख्या भावाला वाढदिवस आठवला नाही, यांना आठवला." मागोमाग किट आलं. आधी आमंत्रण, मग आहेर. रीत अगदी आपली. फक्त हा आहेर रिकामा आला होता आणि भरून परत करायचा होता.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ही तपासणी. इथे ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी किट घरपोच येतं. शौचाचा नमुना छोट्या बाटलीत घालायचा, बाटली पाकिटात आणि पाकीट पोस्टाच्या लाल पेटीत. तिकीटसुद्धा त्यांचंच.

मी कोल्हापूरचा. आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी "झाली का?" असं विचारलं जायचं, पाहुणे असले तरी. वडील तर बाहेर येऊन निकालच जाहीर करत: "आज काही खरं नाही." अशा घरात वाढलेल्याला लाज कसली? तरी ते किट मी औषधांच्या कपाटात कफ सिरपच्या बाटलीमागे दडवलं. शेवटी स्मरणपत्र आलं, आणि ते नेमकं मुलीनं उघडलं.

सूचना चित्रांसकट होत्या. नमुन्याला कमोडमधलं पाणी लागता कामा नये, म्हणजे तो वरच्यावर झेलायचा. कशात? स्वच्छ डब्यात. झालं! मराठी घरात रिकामा डबा असतो कुठे? फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचे पाच डबे आहेत आणि आइस्क्रीम एकातही नाही. एकात खोवलेलं खोबरं, एकात पुरण, एकात सोललेले पावटे. उरलेले दोन बायकोलाच माहीत. मी एक डबा मागितला. "परत मिळणार ना?" तिनं सवयीनं विचारलं, मग कशासाठी हवाय ते आठवून गप्प झाली. बरीच शोधाशोध झाली. शेवटी तडा गेलेला एक डबा निघाला. गेल्या गणपतीत शेजारी मोदक गेले होते ते त्यातूनच. हे शेजाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं होतं तसं तिला काहीच वाटलं नाही. "त्यात काय? तू पाच वर्षांचा असताना तुझे जंत तपासायला मी काडेपेटीत घालून नेलेली. एसटीनं. शेजारच्या बाप्यानं विडी पेटवायला काडी मागितली, तर मी म्हटलं, ओली झाल्यात." ही गोष्ट ४५ वर्षं तिनं पोटात ठेवली होती आणि आज स्पीकरवर सांगितली.

माझी खरी शंका वेगळी होती. आदल्या दिवशी मी तांबडा रस्सा चार वाट्या प्यायलो होतो, मटण निराळंच. ही चाचणी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. आतड्यातल्या गाठींमधून ते कधीकधी थेंबाथेंबानं झिरपतं. मग बोकडाचं रक्त माझ्या नावावर जमा झालं तर? पण ही चाचणी फक्त माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखते. बोकड सुटला. जुन्या चाचणीत मांसाहारानं घोळ होऊ शकायचा. शिवाय तिच्यात तीन वेळचे मिळून सहा नमुने पुठ्ठ्याच्या कार्डावर सारवायचे असत. २०१९ मध्ये इंग्लंडनं ती बंद केली. मंडळातले एक काका ते सारवण करून बसलेत. मोदकांच्या रांगेत मला म्हणाले, "तुम्हा पोरांची मजा आहे, एकाच वेळी भागतं."

कसलं भागतंय! ज्या देहानं ५० वर्षं सकाळी सातचा ठोका चुकवला नाही, त्याला हातात डबा दिसताच संकोच वाटू लागला. अर्धवट उठाबशीत गुडघे थरथरत होते. बाहेरून बायको: "झाली का?" त्या क्षणी मला साक्षात आईच दाराबाहेर उभी आहे असं वाटलं, आणि काम झालं.

पुढचं सोपं. झाकणालाच एक काडी, तिच्या टोकाला खाचा. खाचा भरतील एवढंच घ्यायचं आणि बाटली बंद करायची. मला ते फारच किरकोळ वाटलं. आपल्याकडे कुणी काही मागितलं तर चमचाभर देतात का? मग कळलं, लेबलावर तारीख लिहायचीय आणि पेन बाहेर आहे. हाक मारली. दाराखालच्या फटीतून एक पेन सरकत आलं. पाठोपाठ आवाज: "ते तुझ्याकडेच ठेव."

लाल पेटीपाशी एक आजी नातवाच्या वाढदिवसाचं कार्ड टाकत होत्या. मी त्यांना आधी टाकू दिलं.

दोन आठवड्यांच्या आत पत्र आलं: सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही, दोन वर्षांनी पुन्हा बोलावू. मी ते दोनदा वाचून बायकोला दिलं. तिनं वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि फ्रीजर उघडला. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

आता खोबरं प्लास्टिकच्या पिशवीत गेलंय. मोकळा झालेला तो डबा आणि तडा गेलेला, असे दोन डबे माळ्यावर आहेत. झाकणांवर मार्करनं लिहिलंय: एकावर 'तुझा', एकावर 'माझा'. ज्याला तडा नाही, तो तिचा.