टायमिंग बेल्ट आधी आवाज करतो? नाही हो

रत्नागिरीकडच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडमीट करायला लावणारा रबरी पट्टा) जायला आला की चूंचूं आवाज येतो, तोवर बदलायची गरज नाही, त्यात गाडी गावीच फिरत असेल तर मुळीच नाही. चूक आहे. पावसात सकाळी स्टार्ट मारल्यावर जो आवाज येतो तो बहुतेकदा बाहेरच्या फॅन बेल्टचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो तो. टायमिंग बेल्ट आत कव्हरखाली असतो आणि बऱ्याचदा काही न सांगताच तुटतो, मग बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडावं लागतं, आणि हे नेमकं आंबा घाटात झालं तर बसा टोइंगची वाट बघत. रबर आहे, गाडी उभी राहिली तरी म्हातारं होतंच, म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पण नवा टाका, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, नाहीतर मजुरी पुन्हा भरावी लागेल. आणि हो, जुन्या स्विफ्ट डिझेलवाल्यांनी घाबरू नका, त्या १.३ लिटर इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे.