माझी शंभर सीसी

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, पहिली गाडी घेतोय. चारशे सीसीच्या खालचं काही बघायचंच नाही, असं ठरवलंय." त्याला म्हटलं, "अरे, पहिली गाडी लहान घे." का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. त्याला सांगायचं राहिलेलं इथे लिहितेय.

माझी पहिली गाडी शंभर सीसीची टू-स्ट्रोक होती. माझ्याआधी दोघांनी वापरलेली. टाकीला डाव्या बाजूला एक पोचा होता, नेमका गुडघा टेकतो तिथे. तो मी कधीच काढून घेतला नाही. काही महिन्यांनी गुडघा आपोआप त्यात जाऊन बसायला लागला आणि मला वाटायचं, ही जागा माझ्यासाठीच झालीय.

ज्या मेकॅनिककाकांकडे गाडी न्यायचे, त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात प्लगपाना दिला. "गाडी तुझी आहे ना? मग प्लग तू काढ." इंजिनमध्ये ठिणगी पाडणारा तो छोटा प्लग मी काढला. काळाकुट्ट, तेलाने ओला. ते म्हणाले, आता हा वाचायला शिक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्यामुळे प्लगच्या टोकावर काजळी धरते. प्लग काळा आणि ओला निघाला तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय, नाहीतर ऑइल जास्त जातंय. पांढरा पडला तर हवा जास्त आहे, इंजिन तापतंय, तशीच गाडी पळवली तर पिस्टन जाम होऊ शकतो. आणि मातकट तपकिरी निघाला तर निवांत घरी जा. पॉलिश पेपरने टोक घासायचं, गॅप बघायची, आधी हाताने आटे बसवायचे आणि शेवटी पाना लावायचा. तेव्हापासून एक जास्तीचा प्लग फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत कायम असायचा. रस्त्यात गाडी मिसिंग करायला लागली की मी बाजूला थांबायचे आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा निघायचे. मला कुणाची वाट बघावी लागत नव्हती. या गोष्टीचं मला तेव्हा किती अप्रूप होतं, ते आज सांगूनही पटणार नाही.

किक मारण्याचंही एक तंत्र होतं. इंजिन थंड असेल तर चोक, म्हणजे आत जाणारी हवा कमी करणारा खटका, ओढायचा आणि रेसला हात लावायचा नाही. किक आधी हलकेच दाबून कुठे अडते ते बघायचं, मग तिथून पूर्ण खाली. तापलेल्या इंजिनला चोक दिला की प्लग भिजलाच. हे सगळं ऐकून आणि हाताला जाणवून कळायचं. मीटरवर काहीच दिसत नसे. पेट्रोलचा काटाही नव्हता. गाडी गचके द्यायला लागली की चालत्या गाडीवर डावा हात टाकीखाली घालायचा, चाचपडत पेट्रोलचा कॉक फिरवायचा आणि रिझर्व्हवर घ्यायचं. मला बरेच दिवस वाटायचं की रिझर्व्हची वेगळी टाकी असते. काकांनी कॉक खोलून दाखवला. टाकी एकच. आत दोन वाटा, एक उंच नळीतून आणि एक अगदी तळाशी. नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेलं की वरची वाट कोरडी पडते आणि आपण खालची उघडतो. इतकं साधं, आणि इतकं सुंदर. त्या दिवसापासून मला यंत्रांची भीती उरली नाही.

बाबांना पहिल्यांदा मागे बसवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. ते स्वतः कधी गाडी चालवायला शिकले नव्हते. मुलीच्या मागे बसायचं म्हणून काही बोलले नाहीत, फक्त माझा खांदा घट्ट धरला. पहिल्या वळणाला मी डावीकडे झुकले आणि ते नकळत उजवीकडे सरळ झाले. गाडी वळणाच्या बाहेर जायला लागली. तोल जाईल या भीतीने मागचा माणूस असं करतो, त्यात त्याची चूक नसते. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "बाबा, डावं वळण आलं की माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे बघा. उजवं आलं की उजव्या. बाकी काही करू नका." परत येताना प्रत्येक वळणाला त्यांची हनुवटी माझ्या त्या-त्या खांद्याजवळ यायची. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "ती झुकली तिकडं मीही झुकलो, काही होत नाही." यापेक्षा मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

त्या झुकण्याबद्दल थोडं. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवून जी दुचाकी केली, तिला आधाराला दोन्ही बाजूंनी एकेक छोटं चाक होतं, म्हणजे झुकायला फारसा वावच नव्हता. पण आजची मोटरसायकल झुकूनच वळते, हे मला आधी शरीराला कळलं आणि बऱ्याच नंतर डोक्याला. वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडलचं डावं टोक पुढे ढकलावं लागतं. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. मी हे कित्येक महिने न कळता करत होते. कळल्यावर एका मोकळ्या सरळ रस्त्यावर पुन्हा पुन्हा करून बघितलं. हलक्या गाडीवर हे सगळं हळूवार जाणवतं. जड, ताकदवान गाडीवर तेच शिकताना चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून भाच्याला म्हणतेय, लहान घे. लहान गाडीची सगळी ताकद वापरता येते. चढावर कुठला गिअर लागेल, ओव्हरटेक होईल की नाही, याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो, आणि तो अंदाज पुढे प्रत्येक गाडीवर कामाला येतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. हे गणित कमी वेगात अंगवळणी पडलेलं बरं. आणि लहान म्हणजे कमी प्रतीची नव्हे. १९५८ ची होंडा सुपर कब ४९ सीसीची होती आणि २०१७ पर्यंत त्या मालिकेच्या १० कोटी गाड्या बनल्या.

जुन्या गाड्याच चांगल्या, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच निघून जातं. त्या गाड्या गेल्या ते योग्यच झालं. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये मोटरसायकलवर पहिल्यांदा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, दिलं. आज ते छोट्या गाड्यांवरही मिळतं. ते असलेलीच गाडी घे, आणि हेल्मेट गाडीच्या आधी घे. ओल्या रस्त्यावर माझं मागचं चाक एकदा लॉक झालं आणि मी घसरत गेले. कोपर आणि हेल्मेट खरचटलं. डोकं शाबूत राहिलं, म्हणून हे लिहितेय.

सात वर्षांनी गाडी विकली. घ्यायला आलेला मुलगा विशीतला असेल. त्याने चोक ओढून पाच-सहा किका मारल्या. इंजिन गरम होतं, मी नुकतीच फेरी मारून आले होते. मी चोक बंद केला, प्लग काढून पुसून दिला आणि त्याला पुन्हा मारायला सांगितलं. एका किकमध्ये सुरू झाली. लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवू नकोस, मधूनमधून थोडी दे, नाहीतर इंजिनला ऑइल कमी पडतं, हेही सांगितलं. मग प्लगपाना आणि फडक्यातला तो प्लग त्याच्या हातात ठेवला. त्याचा गुडघा टाकीच्या पोच्यापर्यंत पोचत नव्हता, जरा वर राहत होता.

तो निघाला. कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला तरी मी फाटकात उभी होते. पहिला गिअर, दुसरा. तिसरा त्याने जरा लवकर टाकला, इंजिन कण्हलं, आणि मग त्याने पुन्हा दुसरा टाकला.